पासवर्ड नक्की कोण मागतंय? प्रॉक्सीआडून डेस्कटॉप ॲप सुरू करायची रीत

महिन्याची २० तारीख, दुपारचे साडेतीन, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. भिंतीपलीकडे माग खडखडत होते आणि अलीकडे अकाउंट्सच्या टेबलावर एक छोटी चौकट उघडी होती: युजरनेम, पासवर्ड. "पासवर्ड चुकला म्हणतंय बघा की ओ, तीनदा बदलला मी," ताई म्हणाल्या. बदलला होता तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, मागत होती प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट जिच्यातून बाहेर जातं ती मधली चौकी. चौकटीच्या वरच्या ओळीत प्रॉक्सीचा पत्ता सरळ लिहिलेला होता, पण जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी वरची ओळ कोण वाचतो? चौथ्या खेपेला सॉफ्टवेअरवाल्यांनी खातंच गोठवलं. त्या दिवशीचं काम माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उरकलं.

मी सोलापुरातल्या लहान ऑफिसांची नेटवर्कं बघतो. चादर-टॉवेलवाले जास्त, नवी पेठेतले दोन-तीन कर सल्लागार. टेबलांवर विंडोज असतं आणि कोपऱ्यात एखाद्या जुन्या पीसीवर स्क्विड नावाची फुकटातली प्रॉक्सी चालते. त्यामुळे इथलं सगळं याच दोघांना धरून आहे. मोठ्या कंपनीत नावं बदलतील, क्रम तोच राहील.

काहीही बदलण्याआधी एवढं डोक्यात ठेवा, की प्रॉक्सीआडचं ॲप सुरू होताना तीन वेगवेगळे लोक ओळख विचारतात. पहिली प्रॉक्सी स्वतः: हा माणूस आपला आहे का, याला बाहेर सोडायचं का? दुसरं विचारणारं तुमचं ॲपच: समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, खरं आहे का? आणि तिसरा ॲपचा सर्व्हर: हे खातं, हे लायसन्स कुणाचं? लोक तिघांनाही एकाच पासवर्डनं उत्तर द्यायला जातात.

एररमध्ये आकडा दिसला तर अर्धं काम झालं. ४०७ म्हणजे प्रॉक्सी ओळख मागतेय. ४०१ म्हणजे समोरची वेबसाइट किंवा ॲपचा सर्व्हर मागतोय. ४०३ जरा फसवा आहे, तो दोघांकडूनही येतो. पान नीट वाचलं तर खाली प्रॉक्सीचं नाव असतं की नाही ते कळतं. आकडा दिसतच नसेल, नुसतं 'इंटरनेट कनेक्शन तपासा' येत असेल आणि ब्राउझर मात्र मजेत चालत असेल, तर संशय ४०७ चाच घ्या. ब्राउझर ४०७ मिळाल्यावर पासवर्डची चौकट उघडतो. बऱ्याच डेस्कटॉप ॲपना ते जमत नाही, ती सरळ नेटच नाही म्हणून मोकळी होतात.

पायरी १: आधी कागद

प्रॉक्सी सांभाळणाऱ्याकडून या गोष्टी लिहून घ्या: पत्ता, पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर), प्रकार एचटीटीपी की सॉक्स, ओळख पटवायची पद्धत बेसिक की एनटीएलएम की कर्बेरॉस, आणि युजरनेमच्या आधी डोमेनचं नाव लावायचं का. स्क्विडचा मूळ पोर्ट ३१२८ असतो, पुष्कळ ठिकाणी ८०८० ठेवतात, सॉक्सचा सहसा १०८०. पोर्टवरून अंदाज बांधू नका, विचारा. आणखी एक विचारा: एचटीटीपीएस वाहतूक मध्ये उघडून तपासली जाते का? याचं उत्तर पायरी ६ ला लागेल.

प्रॉक्सी चुकवायची कशी हे मी इथे सांगत नाहीये. ऑफिसची प्रॉक्सी असेल तर तिच्या मालकाला विचारूनच पुढे जा. आणि इंटरनेटवर सापडणारी फुकट प्रॉक्सी कामाच्या ॲपला लावू नका. बेसिक पद्धतीत तुमचा पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो. ते कुलूप नाही, नुसतं वेष्टन आहे, कुणीही सोडवू शकतं.

पायरी २: प्रॉक्सीपर्यंत पोचतोय का, आणि ती ओळखतेय का

पिंगवर विसंबू नका, ते बंद ठेवलेलं असू शकतं. पॉवरशेल उघडा आणि 'टेस्ट-नेटकनेक्शन' लिहून पुढे प्रॉक्सीचा पत्ता, मग 'डॅश पोर्ट' आणि पोर्टचा आकडा द्या. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की रस्ता मोकळा. 'फॉल्स' आलं तर पासवर्डाचा विषयच नाही. केबल, वायफाय किंवा फायरवॉल बघा.

मग कर्ल. विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून दिलेल्या पत्त्यावर जाऊन उत्तर आणणारी ही छोटी आज्ञा विंडोजमध्येच येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये कर्ल, मग डॅश आणि छोटा व्ही म्हणजे सगळं बोलणं दाखव, डॅश आणि छोटा एक्स व त्यापुढे प्रॉक्सीचा पत्ता, कोलन, पोर्ट. मग डॅश आणि मोठा यू व त्यापुढे फक्त युजरनेम. शेवटी ॲपच्या सर्व्हरचा पत्ता. पासवर्ड कर्ल स्वतः विचारेल. इथे मोठा यू लक्षात ठेवा: कर्लमध्ये छोटा यू म्हणजे वेबसाइटचा पासवर्ड, मोठा यू म्हणजे प्रॉक्सीचा. ज्यानं कर्ल लिहिलं त्यालाही हे दोन वेगळे ठेवावे लागले, मग आपण का घोळ घालायचा?

उत्तरात आधी 'कनेक्ट' अशी ओळ दिसेल. एचटीटीपीएससाठी कर्ल प्रॉक्सीला सांगतो, 'मला अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टपर्यंत बोगदा काढून दे.' त्याला २०० मिळाला तर प्रॉक्सीनं सोडलं. ४०७ मिळाला तर त्याच्याच खाली 'प्रॉक्सी-ऑथेंटिकेट' ही ओळ शोधा. तिथे बेसिक, एनटीएलएम किंवा निगोशिएट (म्हणजे बहुधा कर्बेरॉस) लिहिलेलं असतं. कागदावर काहीही सांगितलेलं असो, ही ओळ खरी. एनटीएलएम असेल तर कर्लला डॅश डॅश प्रॉक्सी डॅश एनटीएलएम हे जोडून पुन्हा चालवा, कारण मोठा यू आपणहून फक्त बेसिकच वापरतो.

ॲप ४४३ सोडून दुसराच पोर्ट मागत असेल तर? स्क्विडच्या मूळ फाइलमध्ये बोगदा फक्त ४४३ ला मिळतो. बाकी पोर्टांना ४०३. ते तुमच्या बाजूनं सुटणार नाही, पायरी ७ बघा.

एक फालतू वाटणारी गोष्ट: घड्याळाशेजारी कीबोर्डची भाषा बघा. मराठीवर राहिलेला कीबोर्ड आणि ठिपक्यांत लपलेला पासवर्ड यांनी माझा एक आख्खा तास खाल्लेला आहे.

पायरी ३: विंडोजला दोन प्रॉक्सी असतात

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, आणि खाली मॅन्युअल सेटअप. हे पान सगळ्यांना माहीत असतं. इथे पत्ता आणि पोर्ट भरता येतो, पण युजरनेम-पासवर्डाला जागाच नाही. ते ब्राउझरनं विचारल्यावर 'लक्षात ठेव' म्हटलंत तर क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्डांच्या कपाटात जाऊन बसू शकतात. कंट्रोल पॅनेलमधून तिथे जाता येतं.

आता खरी मेख. हे पान लॉगइन केलेल्या माणसापुरतं आहे. लायसन्स तपासणारी, अपडेट आणणारी, पाठीमागे चालणारी सर्व्हिस माणसाच्या नावानं चालत नाही, ती सिस्टिमच्या नावानं चालते आणि हे पान बघतसुद्धा नाही. तिची प्रॉक्सी वेगळी, विनएचटीटीपी नावाची. म्हणून ॲपची खिडकी उघडते, लॉगइन होतं आणि 'ॲक्टिव्हेट' दाबलं की गाडी अडते.

कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' लिहा. उत्तरात 'डायरेक्ट ॲक्सेस' आलं तर सर्व्हिसला प्रॉक्सी ठाऊकच नाही. 'नेटएसएच विनएचटीटीपी इम्पोर्ट प्रॉक्सी सोर्स=आयई' लिहिलं की माणसाच्या पानावरचं सेटिंग इकडे उतरतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. बिघडलं तर शोच्या जागी 'रीसेट' लिहा, पहिल्यासारखं होतं. लॅपटॉप घरी नेणाऱ्यांनी हे जपून करावं. जुळे सोलापुरातल्या घरच्या वायफायवर ऑफिसची प्रॉक्सी कुठून सापडणार?

यातही पासवर्ड जात नाही. सर्व्हिस ४०७ ला उत्तर देऊ शकत नसेल तर तिच्या सर्व्हरला प्रॉक्सीवरच बिनपासवर्ड वाट द्यावी लागते.

पायरी ४: ॲपच्या आतलं सेटिंग

ॲपमध्ये स्वतःचं प्रॉक्सीचं पान असेल तर तेच वापरा, युजरनेम-पासवर्डाची जागा तिथे असते. गंमत अशी की काही ॲपमध्ये सेटिंग लॉगइननंतर दिसतं आणि लॉगइनला आधी प्रॉक्सी लागते. लॉगइनच्याच पानावर कोपऱ्यात चाकाचं चिन्ह किंवा 'सेटिंग्ज' शोधा. टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये ते पहिल्या पानावर मिळतं आणि सॉक्स-५, एचटीटीपी असे प्रकार निवडता येतात.

आतलं सेटिंग नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमध्ये एका नावाखाली ठेवलेली, प्रोग्रॅमना वाचता येणारी नोंद. गिट, पायथन, कर्ल अशी मंडळी 'एचटीटीपीएस अंडरस्कोर प्रॉक्सी' नावाचं व्हेरिएबल वाचतात. त्याची किंमत अशी: एचटीटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा, युजरनेम, कोलन, पासवर्ड, ॲट, पत्ता, कोलन, पोर्ट. व्हेरिएबलच्या नावात एचटीटीपीएस असलं तरी किंमत साध्या एचटीटीपीनं सुरू होते, कारण प्रॉक्सीशी पहिलं बोलणं साधंच असतं. तिथे हात आपोआप एस टाइप करतो आणि ॲप गप्प बसतं.

दुसरा खड्डा पासवर्डातल्या चिन्हांचा. आमच्याकडे निम्म्या पासवर्डांत ॲट असतं. ॲप पहिल्या ॲटवर तोडून पुढचा तुकडा सर्व्हरचा पत्ता समजू शकतं. ॲटच्या जागी टक्का आणि ४०, कोलनच्या जागी टक्का, ३ आणि मोठा ए, हॅशच्या जागी टक्का आणि २३ लिहायचं. ही सोय फक्त अशा एका ओळीच्या पत्त्यात; वेगळ्या चौकटीत पासवर्ड भरताना तो जसा आहे तसाच भरा.

आधी एका कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट' आज्ञेनं तात्पुरतं ठेवा आणि त्याच खिडकीतून ॲप सुरू करा. चाललं तरच कायमचं करायचा विचार. कायमचं केलंत की पासवर्ड उघड्यावर राहतो, त्या खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम तो वाचू शकतो.

जावावर चालणारी ॲप यातलं काहीच ऐकत नाहीत, त्यांना प्रॉक्सी वेगळी सांगावी लागते. त्यांची अजून एक खोड आहे. २०१६ मध्ये जावा ८ च्या एका अपडेटनं एचटीटीपीएसच्या बोगद्यासाठी बेसिक पद्धत मुळातच बंद ठेवली. पासवर्ड अगदी बरोबर, तरी ४०७. 'जेडीके डॉट एचटीटीपी डॉट ऑथ डॉट टनेलिंग डॉट डिसेबल्डस्कीम्स' हे सेटिंग रिकामं ठेवून ॲप चालवलं की सुटतं.

प्रॉक्सी एनटीएलएम मागतेय आणि ॲपला ते येतच नाही, असंही होतं. मग मधला दलाल बसवतात. सीएनटीएलएम किंवा पीएक्स हे छोटे प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर ३१२८ पोर्टवर बसतात. ॲप त्यांच्याशी बिनपासवर्ड बोलतं आणि ते पुढे प्रॉक्सीशी एनटीएलएम बोलतात. पीएक्स विंडोजमध्ये लॉगइन केलेल्या माणसाचीच ओळख वापरतो, पासवर्ड लिहून ठेवावा लागत नाही. ॲपमध्ये प्रॉक्सीचा पत्ता १२७.०.०.१ द्यायचा.

पायरी ५: ब्राउझर 'झालं' म्हणतो, ॲप 'नाही' म्हणतं

आजकालची ॲप पासवर्ड स्वतः घेत नाहीत. 'साइन इन' दाबलं की ब्राउझर उघडतो, तिथे लॉगइन करायचं, मग 'आता ॲपकडे परत जा' असं येतं. ही पद्धत ऑक्टोबर २०१७ मध्ये आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिली गेली. सगळ्यात जास्त फोन मला याचेच येतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ॲप तुमच्याच मशीनवर एक तात्पुरता पोर्ट उघडून कान लावून बसतं. पत्ता १२७.०.०.१, पोर्ट दर वेळी वेगळा. ब्राउझरमध्ये लॉगइन झालं की सर्व्हर एक छोटा कोड देतो आणि ब्राउझर तो कोड या पत्त्यावर आणून टाकतो. इथवर सगळं ब्राउझरनं केलं, आणि ब्राउझरला प्रॉक्सी येते. पुढचं पाऊल ॲपचं: तो कोड घेऊन स्वतः सर्व्हरकडे जायचं आणि बदल्यात पुढे वापरायची चावी, म्हणजे टोकन, आणायचं. ही फेरी ॲप आपल्या वाटेनं करतं. त्याला प्रॉक्सी सांगितलेली नसेल तर ते दारातच अडतं. ब्राउझरमध्ये हिरवी खूण, ॲपमध्ये 'साइन इन फेल्ड'. माणूस म्हणतो, पासवर्ड तर घेतला की! घेतला, पण ब्राउझरकडून. पायरी ३ आणि ४ पुन्हा बघा, पासवर्डाला हात लावू नका. कोड एकदाच चालतो आणि थोडी मिनिटंच जगतो, म्हणून दुरुस्ती झाल्यावर जुन्या टॅबला रिफ्रेश न मारता ॲपमधून साइन इन नव्यानं सुरू करा.

उलटंही घडतं. कोड ॲपपर्यंत पोचतच नाही, ब्राउझर १२७.०.०.१ वर अडकतो किंवा प्रॉक्सीचं एरर पान दाखवतो. १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. हा पत्ता प्रॉक्सीकडे गेला की ती स्वतःच्याच घरात शोधते, तुमचं ॲप तिथे कुठून असणार? आजचे क्रोम आणि फायरफॉक्स हा पत्ता आपणहून प्रॉक्सीकडे नेत नाहीत, पण जुने ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅम नेतात. विंडोजच्या प्रॉक्सीच्या पानावर खालच्या चौकटीत 'लोकलहोस्ट', अर्धविराम, '१२७.०.०.१' भरा आणि स्थानिक पत्ते वगळण्याची खूण करा. व्हेरिएबल वापरत असाल तर 'नो अंडरस्कोर प्रॉक्सी' मध्येही हेच, फक्त स्वल्पविराम देऊन.

कर सल्लागारांच्या ऑफिसात हाच पत्ता दुसऱ्या वेषात भेटतो. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करताना ईएमसाइनर हा सहीचा प्रोग्रॅम मशीनवर चालू लागतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ च्या १५८५ पोर्टवर बोलतो. 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं आलं की सगळे पोर्टलला शिव्या घालतात. सर्व्हर म्हणजे इथे तुमचाच पीसी. ईएमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का बघा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएससह तो पत्ता आणि पोर्ट टाकून सर्टिफिकेटची सूचना एकदा स्वीकारा. आपल्याच मशीनचा पत्ता आहे म्हणून हे चालतं, बाहेरच्या साइटला असं करू नका.

पायरी ६: सर्टिफिकेट आणि घड्याळ

एररमध्ये सर्टिफिकेट, ट्रस्ट किंवा एसएसएल हे शब्द असतील तर पासवर्ड विसरा. ब्राउझरमध्ये तीच साइट उघडून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते बघा. तिथे तुमच्या ऑफिसचं किंवा फायरवॉलचं नाव असेल तर वाहतूक मध्ये उघडली जातेय. प्रॉक्सीवाल्याकडून मूळ सर्टिफिकेटची फाइल स्वतः जाऊन घ्या. फाइल उघडा, इन्स्टॉल, लोकल मशीन, आणि 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज' हा कप्पा हातानं निवडा. आपोआप निवडू दिलंत तर ते भलत्या कप्प्यात जाऊ शकतं. व्हॉट्सॲपवर आलेली अशी फाइल कधीही बसवू नका. ती ज्याची, त्याला तुमच्या मशीनचं एचटीटीपीएस वाचता येतं. जावा आणि पायथन बऱ्याचदा आपला वेगळा कप्पा ठेवतात, तिथे ती पुन्हा भरावी लागते. काही ॲप फक्त स्वतःच्या सर्व्हरचंच सर्टिफिकेट मानतात. त्यांच्यासाठी ती साइट न उघडता सोडायला सांगणं हाच उपाय.

घड्याळ मागे पडलं की सर्टिफिकेट आणि टोकन दोन्ही खोटी ठरतात. कर्बेरॉसला तर ५ मिनिटांच्या वरचा फरक चालत नाही. प्रॉक्सीआड घड्याळ चुकू शकतं, कारण वेळ आणणारी वाहतूक यूडीपीच्या १२३ पोर्टवरून जाते आणि एचटीटीपी प्रॉक्सी ती नेतच नाही. पीसी रोज सकाळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला.

पायरी ७: स्क्विड तुमच्याच हातात असेल तर

पासवर्ड न देता येणाऱ्या ॲपसाठी त्याच्या सर्व्हरचं नाव स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलमधल्या 'डीएसटीडोमेन' यादीत टाका, नावाआधी टिंब दिलं की त्याची सगळी उपनावंही येतात. मग त्या यादीला परवानगी देणारी 'एचटीटीपी ॲक्सेस' ओळ पासवर्ड मागणाऱ्या ओळीच्या वर ठेवा. स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिली जुळलेली ओळ अंतिम मानतो. खाली लिहिलीत तर ती कधी वाचलीच जाणार नाही. परवानगी फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना द्या.

लॉगमध्ये 'टीसीपी डिनाइड ४०७' बघून घाबरू नका. प्रत्येक नव्या जोडणीची पहिली विनंती बहुधा बिनओळखीची येते आणि तिला ४०७ मिळतो. एनटीएलएममध्ये असे दोन येतात. त्याच पत्त्याची पुढची ओळ बघा. तिथे युजरनेम आणि २०० असेल तर सगळं ठीक. नुसत्या ४०७ च्याच ओळी एकाखाली एक लागल्या असतील तर ॲप उत्तरच देत नाहीये.

राहिला पासवर्ड बदलायचा दिवस. प्रॉक्सीचा पासवर्ड बदलला की क्रेडेन्शियल मॅनेजर, ॲपचं आतलं पान, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सीएनटीएलएमची फाइल आणि गिटचं सेटिंग या जागी जुना तसाच पडून असतो, आणि पाठीमागची ॲप तो मिनिटामिनिटाला प्रॉक्सीवर आपटत राहतात. खातं त्यानं लॉक होतं, माणूस जेवायला गेलेला असतानाही. कुठल्या मशीनवर यातलं काय भरलंय ते पायरी १ च्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, आणि बदल १९-२० तारखेला करू नका.